रिया कोणाकडे राहते?

कित्येक वर्षांपूर्वी अमेरिकेला निघाले तेव्हा नागपूरच्या एअरपोर्टवर बाबांनी मला निरोप दिला आणि पुढच्याच आठवड्यात रेशनकार्डातून माझं नाव कमी करून आणलं. "इथे जेवत नाही, तर नाव कशाला?" बाबांचा कारभार असा चोख! आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

गेल्या ऑगस्टमध्ये लेकीला, रियाला, कॉलेजच्या डॉर्मवर, म्हणजे हॉस्टेलवर सोडून टेक्सासला, अर्विंगला परतले, तर अपार्टमेंट खायला उठलं. आमच्या घटस्फोटानंतर ती माझ्याकडेच वाढली. सुट्टीत तेवढी तिच्या बाबाकडे, सुधीरकडे, न्यू जर्सीला. एका संध्याकाळी फोनवर म्हणाली, "आई, आय ॲम वॉकिंग होम, नंतर बोलते." होम म्हणजे डॉर्म! मला चांगलंच झोंबलं.

मार्चमध्ये टॅक्स भरायला बसले आणि माझ्यातलं नागपूरच्या बाबांचं रक्त उसळलं. पोरगी इथे जेवत नाही ना? मग मी एकटीच. फॉर्मवर ठोकलं 'सिंगल'!

टॅक्समध्ये मुलीवर दोघांनीही हक्क सांगितला तर घोळ होतो, म्हणून रिटर्न पाठवण्याआधी मी आणि सुधीर दरवर्षी फोनवर बोलून घेतो. लग्नात इतकं बोललो असतो तर!

"वेडी आहेस का?" 'सिंगल' ऐकून तो ओरडला. "हेड ऑफ हाउसहोल्ड टाक. घर तू चालवतेस. पोर शिकायला गेली तरी ती घरीच राहते असं धरतात. तात्पुरती बाहेर, बस."

"कोणाच्या घरी?" मी पदर खोचून भांडायला तयारच होते.

"तुझ्या, यार. माझ्याकडे आली की अजून टॉवेल कुठे ठेवलेत ते विचारते."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्यासाठी वाईट वाटलं. आणि स्वतःसाठी इतका आनंद झाला की काय सांगू! फॉर्मवरचं स्टेटस बदललं आणि लगेच रियाला फोन लावला. "कायद्याने तू माझ्याच घरी राहतेस, कळलं?"

"ऑब्व्हियसली, आई! अँड डोन्ट टच माय रूम."

मग नागपूरला फोन केला. आईला टॅक्समधलं ओ की ठो कळत नाही, तरी सगळं सांगितलं. म्हटलं, "आई, या हिशेबाने मीसुद्धा अजून तुमच्याकडेच राहते गं. जरा बाहेर आलेय, एवढंच."

"मग?" आई म्हणाली, "आम्ही काय वेगळं धरलं होतं?"