न विचारता आलेल्या ओळी

आमच्या मेहुण्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला काही विचारलं असेल, तर त्याला साक्षीदार नाही. "विचारल्यावर कळली ती बातमी कसली?" असं ते म्हणत. चाळीसगावला चौकशीच्या खिडकीशी जायचं नाही, या हट्टापायी त्यांनी मनमाडच्या दोन गाड्या घालवल्या आणि तिसऱ्या गाडीनं ते भुसावळला पोचले. एका लग्नात वरणाची बादली आपणहून आली नाही म्हणून अर्धा तास कोरड्या बट्टीकडे बघत बसले. मी म्हटलं, "अहो, हाक मारा की." तर म्हणाले, "हाक कशाला? वाढप्यानं पंगतीत फिरत राहायचं असतं."

नव्वदीच्या दशकाच्या शेवटाला त्यांनी जळगावात कॉम्प्युटरचे क्लास काढले, तेव्हा इंटरनेटचाही त्यांना हाच राग आला. ब्राउझरनं मागितलं की सर्व्हर पान देतो आणि मोकळा होतो. नवं काही हवं तर पुन्हा मागा! मेहुण्यांनी सहा महिने खपून आपल्या सर्व्हरला वाढप्याचं वळण लावलं. पान दिल्यावरही तो लाइन तोडायचा नाही, नवी ओळ आली की आपणहून पाठवायचा. इकडे देवपूरला माझ्या घरी मोडेम किंचाळला, की पडद्यावर जळगावचं तापमान मी बोटही न लावता बदलू लागे. मे महिन्यात ते बदलून बदलून किती बदलणार, पण मेहुणे हरखून जायचे.

घरी मात्र सगळं उलटं होतं. शेती सोडून ते या धंद्यात पडले, तेव्हापासून दोंडाईच्याजवळच्या गावी राहणाऱ्या त्यांच्या वडिलांशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, आबांशी, चार वर्षं अबोला होता. आबा म्हणत, "पहिले तो बोलू दे, मंग मी बोलसू." मेहुणे तेवढंही म्हणत नसत. मला दोघांचाही मनापासून राग यायचा.

आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. दुसऱ्याच दिवशी मेहुण्यांचा फोन आला, "जरा टेस्टिंग करायचंय. सकाळी पान उघडं ठेवा." आबांचं नावही काढलं नाही. तीन दिवस नुसतं तापमान येत राहिलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले आबा पडद्यासमोर बसून कुरकुरत, "बठ्ठं ऊनच सांगस का हा?"

चौथ्या दिवशी तापमानाखाली एक ओळ उमटली. "आबा, डोया कसा शे?"

आबांनी ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, "यामा उत्तर कोठे देवानं?"

मी ओशाळलो. मेहुण्यांनी नुसतं वाढायची सोय केली होती, जेवणाऱ्यानं बोलायची नाही. फोन लावतो म्हटलं, तर आबांनी टोपी उचलली. "फोनवर काय बोलानं? जळगावनी गाडी कव्हय शे?"

त्यांना दुपारी दोनला जळगावला पोचणाऱ्या एसटीत बसवून, कंडक्टरला चार वेळा बजावून मी घरी परतलो. पडद्यावर ओळी येतच होत्या. "दुखस का?" "वाचं का?" "आबा, राग शे का आजून?" जन्मात कुणाला काही न विचारलेला माणूस एकामागून एक प्रश्न पाठवत होता. मला राहवेना. लाइन तोडून फोन करायला मी उठलो, तेव्हा बायको म्हणाली, "बसा हो. विचारू द्या त्यांना."

मग आम्ही दोघं त्या पडद्यासमोर बसून राहिलो. दुपारी अडीचच्या सुमारास ओळी थांबल्या.