तपासणीसाठी पैठणला

वाळूजच्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. संशय आला की माल बाजूला काढायचा आणि तपासायचा, हे माझं रोजचं काम. त्यामुळे शनिवारी दुपारी कंडोम फाटला तेव्हा मी रडत बसले नाही. ज्याच्यासोबत होते त्याच्याशी माझं लग्न ठरत होतं, दोघांचंही दुसरं. त्याची पहिली बायको आजारानं गेलेली, पण आजार कोणता, हे त्याच्या घरात कुणी कधी धड बोललं नव्हतं. मी सरळ विचारलं, "एचआयव्हीची तपासणी केलीस कधी?" तो खाली बघत "नाही" म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला, आणि भीतीही वाटली.

तपासायचं हे नक्की. पण आपल्याच शहरात? पुंडलिकनगरात मला भाजीवालीपासून किराणावाल्यापर्यंत सगळे ओळखतात. मग मी अक्कल चालवली. रविवार जाऊ दिला आणि सोमवारी सकाळी, डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळून, पैठणची एसटी पकडली. तिथं मला कोण ओळखणार!

सरकारी दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत समुपदेशक बाई बसल्या होत्या. माझ्याकडं बघून हसल्या. "काढा तो स्कार्फ आता. पुंडलिकनगरच्या ना तुम्ही? मी पण तिथलीच. सकाळी एकाच गाडीत तर आलो की आपण."

माझा चेहराच पडला. तरी मी सगळं सांगितलं, तसं त्यांचं हसू गेलं.

"शनिवारी दुपारी दोनला? अहो, संसर्ग टाळायच्या गोळ्या असतात, पण बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. जितक्या लवकर तितकं बरं. आपल्याकडचा मोठा दवाखाना रविवारी पण उघडा असतो, अन् तुम्ही इकडं कशाला आल्या? सत्तावीस तास राहिलेत फक्त. आत्ताच्या आत्ता निघा, मी फोन करून ठेवते. अन् त्यांना पण तिथंच बोलवून घ्या."

क्वालिटीवाली मी, आणि तासच मोजले नव्हते! परतीच्या एसटीत स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. चारच्या आत पहिली गोळी पोटात गेली. त्याचीही तपासणी झाली. त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. लग्नाचं काय, असं त्यानं घाबरत विचारलं. मी म्हटलं, आधी औषध, मग तारीख. अठ्ठावीस दिवस मी एकही गोळी चुकवली नाही, आणि त्यालाही त्याची चुकवू दिली नाही.

तीन महिन्यांनी शेवटच्या तपासणीला गेले, आपल्याच शहरात, उघड्या तोंडानं. तो औषधाच्या रांगेत उभा होता. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तेव्हा कुठं मी बाकावर बसून रडले. शेजारी एक पोरगी होती, डोळे सोडून सगळी स्कार्फमध्ये. हळूच म्हणाली, "ताई, इथं ओळखीचं कुणी भेटत नाय ना? नायतर मी खुलताबादला जाते."

मी तिचा हात धरला. "ते राहू दे. आधी सांग, किती तास झाले?"