सोन्याविना थर

धारूरच्या घाटाखाली मेंढरांमागं वाढलेली धनश्री पुण्यात ग्राफीनवर संशोधन करत होती. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर. त्यातून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची स्वतःभोवतीची गिरकी आणि त्याची वाट यांचं नातं फार कच्चं असतं. थरावर सोन्याचे मोजके अणू बसवले की ते घट्ट होतं, असं तिनं पाच वर्षं खपून मांडलं होतं. प्रबंध तयार होता. तो पुरा झालेला बघायला तिचा बाप गहिनीनाथ जीव धरून होता. त्याची फुप्फुसं निकामी होत चालली होती, आणि सहा महिन्यांपुढचं बोलायला डॉक्टर तयार नव्हते.

शेवटची खातरजमा म्हणून तिनं सोनं न लावलेला थर मोजला. आकडे तेच आले! म्हणजे करणी सोन्याची नव्हतीच, हवेतलं काहीतरी थराला चिकटलं होतं. थर आधी तापवून ते उडवून लावायचं असतं, आणि घाईत नेमकं तेच राहिलं होतं. एवढी शिकलेली पोर, माती खाल्ली. पण हे तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती गावी आली तेव्हा तळ्यावर मेंढ्या धुणं चाललं होतं. काठावर बसलेल्या बापाला तिनं सगळं सांगितलं.

"कातरायच्या आदी मेंढी कावून धुत्यात?" त्यानं विचारलं.

"लोकर साफ निघावी म्हणून."

"न्हाई धुतली तर वजन लई भरतं. पर ते लोकरीचं नसतं." त्याला खोकल्याची उबळ आली. "पुन्यांदा मोजाया किती दिस?"

"वरीस लागंल, आबा."

गहिनीनाथच्या हाती तेवढे दिवस नव्हते. त्यालाही ते ठाऊक होतं.

"मंग उद्याच्या गाडीनं निघ," तो म्हणाला.

तिनं मार्गदर्शकांना खरं सांगितलं. थर तापवून, पुन्हा सोनं बसवून सगळं नव्यानं मोजलं. नातं घट्ट होत होतं, पण आधीच्या दाव्याच्या चौथाईनंच. तिला पदवी मिळाली. गहिनीनाथ मात्र चैत्रातच गेला होता.

पदवी घेऊन ती घरी आली. आई छबुबाईनं कागद हातात घेतला आणि तसाच परत दिला.

"तवाच व्हतं तसं दिलं असतंस तर त्येंनी हे बघितलं असतं."

"व्हय."

"मला तुजा लई राग हाय," छबुबाई म्हणाली. "त्येंला न्हवता. शेवटपतुर न्हवता."

धनश्री तिथंच खाली बसली आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली.