आमच्या साडूंची बेटं

जगातल्या झाडून सगळ्या बेटांचे किनारे तोंडपाठ असलेला, पण स्वतः समुद्र न पाहिलेला माणूस पृथ्वीतलावर एकच असावा आणि तो नेमका माझ्याच वाट्याला साडू म्हणून यावा, हे कोडं मला बरीच वर्षं उलगडलं नव्हतं. मी बीडला राहतो, थोरले साडू गेवराईला. त्यांची सगळी नोकरी एसटीत गेली आणि शेवटची बरीच वर्षं ते स्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे खिडकीत बसून भोंग्यावर गाड्या पुकारायच्या आणि "माजलगाव गाडी कधी हाय?" या एकाच प्रश्नाला दिवसभर उत्तर द्यायचं. या नोकरीने त्यांना दोन खोडी कायमच्या लावल्या. शेजारी मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाशीही ते शेवटच्या फलाटावरच्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. आणि 'ठाऊक नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडत नाहीत. रद्द झालेली गाडीसुद्धा त्यांच्या लेखी "तिकडून सुटलीय, येईलच" अशी असायची, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज ऐकून लोक निमूट बसूनही राहायचे.

ते निवृत्त झाले तेव्हा अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, जन्मातली एकच मागणी केली. "माजलगावच्या धरणावर गेलते तवा वाटलं, लई पानी हाय. पण पलीकडचा काठ दिसतोच की," त्या म्हणाल्या. "ज्याला पलीकडचा काठ न्हाई, असं पानी मला एकदा बघायचंय." त्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, डॉक्टर ऑपरेशनची भाषा बोलत होते. वाळूत आपल्या पायांनी चालता येतंय तोवर जाऊन यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. दुसरा कोणी असता तर सरळ कोकणात घेऊन गेला असता. आमचे साडू म्हणाले, "समिंदर एकाच बाजूनं कावून बघायचा? बेटावर गेलं की चारी बाजूंनी दिसतो." 

मग बेटं पारखणं सुरू झालं. मोबाइलवर बघायचं आणि निकाल मला फोनवर कळवायचा. "जय भीम, साडूभाऊ. मालदीव बाद." मी अजून दात घासत असायचो. किनाऱ्याला लावायची त्यांची फूटपट्टी एकच, आणि ती बसस्थानकाची. बसायला सावली आहे का, प्यायच्या पाण्याची टाकी कुठे, मुतारी किती लांब. मालदीव बाद झालं ते सावलीपायी. "एक छत्री आन् दोन खाटा, बाकीच्या पब्लिकनं काय उभं ऱ्हायचं?" बालीतल्या काही किनाऱ्यांची वाळू काळी असते हे कळलं त्या दिवशी त्यांना अन्न गोड लागलं नाही. "काळंच बघायचं तर आपलं रान काय वाईट हाय?" लक्षद्वीपवर त्यांचा जीव जडला होता, पण तिथे जायला परवाना लागतो म्हटल्यावर त्यांनी त्या निळ्याशार पाण्याकडे पाठ फिरवली. मॉरिशसच्या बाबतीत तर त्यांनी एका पर्यटन कंपनीच्या मुलीला विचारलं, "मुक्कामी गाडी हाय का?" रात्री गावात थांबून पहाटे परत निघणारी गाडी असल्याशिवाय कुठल्याही गावावर विश्वास टाकू नये, हे त्यांचं आयुष्यभराचं मत. त्या मुलीने नम्रपणे सांगितलं की मॉरिशसला विमान जातं. "ते कळलं मला," साडू म्हणाले, "मुक्कामाला थांबतं का?"

याच शोधात त्यांनी एकदा गेवराईत स्वतःचं नाव पार खराब करून घेतलं. स्थानकासमोरच्या हॉटेलात चहा पिता पिता ते अंदमानच्या एजंटाशी आपल्या नेहमीच्या आवाजात बोलत होते. "मला पांढरीच वाळू पायजे, काळी दावू नका. बारीक हाय ना? आन् रातच्याला तिथं फिरू देतात का? कुनी अडवत न्हाई ना?" रात्री चोरून वाळू उपसली जाणाऱ्या गोदावरीकाठच्या आमच्या भागात वाळू आणि रात्र हे दोन शब्द एका दमात उच्चारले की काय होतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. सगळ्या हॉटेलाच्या माना वळल्या. दोन टेबलं तर चहा अर्धा टाकून उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक अनोळखी गृहस्थ मोटारसायकलवरून साडूंच्या दारात आले आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "दादा, पांढरी कंच्या घाटाची हाय?" साडू म्हणाले, "अंदमानची." गृहस्थांनी बोटांवर अंतर मोजलं. मग म्हणाले, "लई लांबून आनताय. टिप्पर कुठून घालता?" साडूंनी त्यांना आत बोलावून, चहा पाजून, बोटीचं सगळं वेळापत्रक समजावून दिलं. ते गृहस्थ अजूनही रस्त्यात दिसले की साडूंना वाकून नमस्कार करतात.

आम्ही हसत होतो, पण तिकडे अक्कांचे गुडघे थांबून राहिले नव्हते. एका रविवारी आम्ही गेवराईला जेवायला गेलो होतो. पंगत उठली, अक्का मात्र उठेनात. माझ्या बायकोने हात दिला, तरी दोनदा खाली बसल्या. साडू तेव्हा मला अंदमान आणि लक्षद्वीपच्या पाण्यातला फरक सांगत होते. अक्का भिंतीला टेकून शांतपणे म्हणाल्या, "तुमची बेटं बघून व्हईस्तवर माझं गुडघं ऱ्हातील व्हय?" साडूंचं वाक्य अर्धं राहिलं. मला त्या क्षणी त्यांचा रागही आला आणि कीवही. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा त्यात जय भीमनंतर कुठलंच बेट बाद झालेलं नव्हतं. "अंदमान. चौघंबी जायचंय. बॅग भरा."

अंदमानच्या त्या किनाऱ्यावर सावली होती, पाणी होतं, मुतारीही होती. साडूंनी उतरल्या उतरल्या तिन्हींची खात्री करून घेतली. अक्कांनी चपला माझ्या बायकोकडे दिल्या, नवऱ्याचा खांदा धरला आणि त्या पांढऱ्या वाळूतून एकेक पाऊल टाकत पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या.  मग समोर बोट करून त्यांनी, आयुष्यभर लोकांनी साडूंना खिडकीतून विचारला तसाच प्रश्न विचारला. "अवं, पलीकडं कंचं गाव हाय?"

आता साडू भोंग्यावर पुकारल्यासारखं एखाद्या देशाचं नाव ठोकून देणार, म्हणून मी कान टवकारले. साडू समोरच्या पाण्याकडे बघत राहिले. "ठाऊक न्हाई," ते म्हणाले, तेही इतक्या हळू की लाटेच्या आवाजात मला जेमतेम ऐकू आलं. अक्कांचा चेहरा एकदम फुलला. "मग बरुबर हाय," त्या म्हणाल्या. "हेच बघायचं व्हतं." मागे परतीची गाडी हॉर्न वाजवत होती आणि जन्मभर गाड्या वेळेवर सोडणाऱ्या माणसाने मागे वळूनही पाहिलं नाही.

अक्कांचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. काठी घेऊन दारातल्या दारात फिरतात, येणाऱ्याजाणाऱ्याला समुद्र सांगतात. सगळं छान चाललं आहे. फक्त साडूंचे ते सकाळचे फोन बंद झाले आणि मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. परवा न राहवून मीच फोन केला. म्हटलं, "साडूभाऊ, लक्षद्वीपचं काय ठरलं? परवान्याचं बघू का मी?"

 पलीकडून नेहमीच्याच आवाजात, मोबाइल कानापासून लांब धरावा लागेल अशा आवाजात ते म्हणाले, "तिचं बघून झालं की आता. म्या कुनासाठी हुडकू?"