आधी मागणं, मग कारण

जानकी पराडकर घाबरली, असं टेंबवाडीत कुणी सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. अहो, विंचू चिमट्यात धरून कुंपणापलीकडे टाकणारी बाई ती. बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवली. तपासणीला आलेल्या साहेबापुढे पोरांच्या खिचडीचा तांदूळ ओतून "हो तुमी घराक शिजवशात काय?" असं तोंडावर विचारलं. साहेब चहा न घेता परत गेला.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट सांगायची तर जिल्ह्यात साक्षरतेची मोहीम निघाली तेव्हाची. तेव्हा जानकी नवी सून. दुपारची भांडी आवरली की वाडीतल्या पंधरा बायका तिच्या पडवीत पाट्या घेऊन बसायच्या. शेजारची सुभद्रा यायची, मांडीवर चार वर्षांची अक्षया. सुभद्राआधी अक्षयाच अक्षरं ओळखायला लागली. पलीकडची शेवंती यायची, हाताला सुक्या माशांचा वास घेऊन. अक्षरं झाल्यावर जानकीने त्यांना अर्ज लिहायला शिकवलं, कारण बायकांना अक्षरांपेक्षा अर्जाची गरज जास्त होती. तिचा नियम एकच. साहेबाला वेळ नसतो, म्हणून आधी मागणं लिहायचं, मग कारण, आणि मध्ये रडगाणं नको. "पाणी द्यावे. विहीर आटली आहे." बस्स, संपला अर्ज. त्या बायका आजही मोबाईलवर तशाच लिहितात. "भात लाव. मला उशीर होईल."

तर अशी ही बाई. वय बासष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी संचिता लग्न होऊन दोडामार्गाकडे, ती येणार गणपतीला. रोजचं माणूस म्हणजे अक्षया. आता अडतीस वर्षांची, कणकवलीच्या कॉलेजात ऑफिसात कामाला, बिनलग्नाची. संध्याकाळच्या एसटीने उतरली की स्वतःच्या घरी जायच्या आधी ती जानकीच्या पडवीत पिशवी टेकवायची. जानकीला साखर आणि प्रेशर, गोळ्यांची गल्लत व्हायची, म्हणून दर रविवारी सात खणांची डबी काढून अक्षया आठवड्याच्या गोळ्या भरून द्यायची. जानकीचं म्हातारपण त्या डबीवर चाललं होतं म्हणा ना.

माघातल्या एका शनिवारी दुपारी जानकीच्या खळ्यात, पडवीपुढच्या सारवलेल्या अंगणात, बचत गटाच्या बायका कुळथाचं पीठ पिशव्यांत भरत बसल्या होत्या. तेवढ्यात निलेश आला. हा अक्षयाचा धाकटा भाऊ, किनाऱ्यावर पर्यटकांसाठी चार खोल्या चालवतो आणि गटाचं पीठही तोच विकतो. पिशवीवर छापायचा मजकूर झकास हवा म्हणून मोबाईलवर शोधताना त्याला एक गंमत सापडली होती. आपण लिहिलेलं तिथे टाकायचं आणि आपली लिहिण्याची ढब कुठल्या मोठ्या लेखकासारखी आहे ते यंत्र सांगतं. त्याने शेवंतीचा रस्त्यावरच्या दिव्याचा अर्ज टाकून बघितला होता. यंत्राने थेट एका बक्षीसवाल्या कादंबरीकाराचं नाव काढलं. बायका हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. शेवंतीने पदर तोंडाला लावून विचारलं की मग दिवा कधी लागणार, तेही यंत्र सांगतं का. तिला त्या दिवशी सगळ्यांनी लेखिकाबाई करून टाकलं. जानकीही हसली. आपल्या शिकवण्याचा तिला थोडा गर्वच वाटला.

मग निलेश म्हणाला की त्याच जागी दुसरंही एक आहे. दोन कागद टाकले की दोन्ही एकाच माणसाचे का, तेही कळतं. हे सांगताना तो हसत नव्हता.

"अक्षयाच्या लग्नातलां ता पत्र माझ्याकडे आसा," तो म्हणाला.

कुठलं पत्र, असं कुणी विचारलं नाही. जानकीच्या हातातली पिशवी कलंडली आणि पीठ मांडीवर सांडलं. शेवंती पुढे होऊन ते भरायला लागली, आणि बाईंच्या हाताला आज काय झालंय म्हणून तिने एकदा वर बघितलं.

लपवून काय उपयोग, ते पत्र जानकीनेच लिहिलं होतं. चौदा वर्षांपूर्वी. कणकवलीचं एक स्थळ आधी संचिताला बघायला आलं होतं. पोहे खाऊन गेले आणि मुलगी सावळी आहे असा निरोप पाठवला. संचिता दोन दिवस जेवली नाही. आणि महिन्याभरात त्याच लोकांनी दोन घरं पलीकडे अक्षयाला पसंत केलं! सुभद्रा पेढे घेऊन आली. जानकीने पेढा तोंडात टाकला, छान झालं म्हणाली, आणि ती गेल्यावर मोरीत जाऊन थुंकला. मत्सर होता, दुसरं काही नव्हतं. त्याच आठवड्यात तिने आंतरदेशीय पत्र आणलं, डाव्या हाताने लिहिलं आणि वाडीजवळच्या आचऱ्याच्या टपालाचा शिक्का पडू नये म्हणून कणकवलीच्या स्टँडवर जाऊन पेटीत टाकलं. पत्र दोन ओळींचं. लग्न करू नये. मुलीला फिट येतात.

आता फिट कसली? साक्षरतेच्या वर्गात एकदा तापाने फणफणलेल्या अक्षयाचे डोळे फिरले होते, पंधराही बायकांनी पाहिलं होतं. पुन्हा आयुष्यात तसं झालं नाही. जानकीला वाटलं होतं की ते लोक चौकशी करतील, डॉक्टरला दाखवतील, सुभद्राचा तोरा जरा उतरेल आणि लग्न होऊन जाईल. पण लग्नाला आठ दिवस असताना मुलाचा बाप आला, पत्र सुभद्राच्या पुढ्यात टाकलं आणि गेला. मांडवाचे वासे येऊन पडले होते. त्यानंतर अक्षया पुन्हा कुणाला दाखवून घ्यायला बसली नाही. निलेशने ते पत्र न वाटलेल्या पत्रिकांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं. फिटचं ठाऊक असणारी बाई वर्गातलीच, एवढं त्यालाही तेव्हाच कळलं होतं. पुढे काही करता आलं नव्हतं.

जानकीने हात लपवला, शिक्का लपवला. लिहिण्याची ढबही माणसाची चहाडी करते हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

निलेश आठ दिवस कागद गोळा करत फिरला. गटाचं वहीखातं घेतलं, ग्रामपंचायतीतले जुने अर्ज काढले, बायकांचे मोबाईलवरचे निरोप घेतले. त्या आठ दिवसांत जानकीची काय दशा झाली ते तिलाच ठाऊक. फाटक वाजलं की ती आधी फटीतून कोण आलंय ते बघायची. ताटातलं अर्धं तसंच राहायचं. मोबाईलवर लिहिणंच तिने बंद केलं, संचितालाही आवाज भरून निरोप पाठवायला लागली. अक्षयाने विचारलं तेव्हा अक्षरं दिसत नाहीत अशी थाप मारली. तर त्या मुलीने दुसऱ्याच दिवशी कणकवलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नाव घातलं आणि रजा टाकून तिला घेऊन गेली. एसटीत खिडकीची जागा दिली, मांडीवर पाण्याची बाटली धरून बसली. जानकी सबंध वाटभर मनात एकच घोकत होती, हिला कळलं तर माझं काय होईल. हिचं काय झालं, हे तिच्या मनात परत येताना कणकवलीच्या स्टँडवर आलं, समोरची वैभववाडीची गाडी हलली आणि तिच्यामागची ती लाल टपालपेटी दिसली तेव्हा. मग तिने घरापर्यंत डोळे मिटून घेतले.

निलेश तिच्याकडे सगळ्यांत शेवटी आला. मान म्हणून.

"काकी, तुमच्यावर संशय नाय. पण सगळ्यांचो कागद घेतलंय, तुमचोय एखादो होयो. नायतर बायो बोलतले."

ती आत गेली. ट्रंकेत तिने स्वतः लिहिलेले पन्नास कागद होते. तिने त्यातला अंगणवाडीचा वार्षिक अहवाल काढला. तो तालुक्याच्या ऑफिसातून आलेल्या नमुन्यावरून शब्द न शब्द उतरवलेला होता, त्यात तिचं असं खाली केलेली सही तेवढी होती. तो तिने दिला. ती दाराला टेकून उभी राहिलेली पाहून निलेशने साखर वाढली का विचारलं आणि बसूनच राहा म्हणाला.

रविवारी निकाल लागला. जानकीचा कागद पत्राशी शंभरात अकरा जुळला. शेवंतीचा शहाऐंशी.

सुटले! जानकीच्या मनात पहिला शब्द हाच आला, आणि त्या दिवशी ती आठ दिवसांनी पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर शेवंती आली तशी सुभद्राने आपली कळशी अर्धी भरलेलीच उचलली आणि निघाली. बाकीच्याही निघाल्या. पत्र आलं त्या साली कुंपणाच्या गडग्याच्या दगडांवरून शेवंतीचं आणि सुभद्राचं भांडण झालं होतं, ते सगळ्यांना बरोबर आठवलं. गटाने शेवंतीच्या पिठाच्या पिशव्या तिच्या दारात आणून ठेवल्या. परवापर्यंत लेखिकाबाई म्हणून चेष्टा करणाऱ्याच बायका या.

शेवंती जानकीकडे आली. पडवीत चढली नाही, खाली खळ्यातच उभी राहिली.

"बाई, तुमी माका अक्षरां शिकवलात. तुमीच सांगा, मी असा लिवीन?"

जानकी तांदळातले खडे बघत राहिली. यंत्र चुकतं, एवढंच तिच्या तोंडून निघालं, तेही इतकं हळू की शेवंतीला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. हिला आता सांगावं, असं तिला वाटलं होतं. पण फाटकातून अक्षया येताना दिसली, आणि ती पुन्हा खडे वेचायला लागली. शेवंतीने पदर खोचला आणि सांगितलं की येत्या रविवारी ती रवळनाथाच्या देवळात नारळ ठेवणार आहे, गाऱ्हाणं घालणार आहे. ज्याने लिहिलं असेल त्याचं देव बघून घेईल, सगळ्यांनी या.

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. देवळात जायचं नाही असं जानकीने सात वेळा ठरवलं. पण न जाणं म्हणजे आपणच बोट दाखवणं, हेही तिला कळत होतं. शेवटी अक्षयाच न्यायला आली. देवळाच्या पायऱ्या चढताना तिने जानकीचा दंड धरला आणि सभामंडपात तसाच धरून उभी राहिली.

सगळी वाडी जमली होती. शेवंती डोकीवरून न्हाऊन, ओल्या केसांनी पुढे उभी. गुरवाने नारळ दोन्ही हातांत धरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आपल्याकडे गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी होकार द्यायचा असतो, आणि नारळ देवापुढे टेकला की शब्द पक्का होतो.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत, म्हाराजा..."

"होय म्हाराजा." इथवर जानकीनेही म्हटलं.

"ज्या कोणी ह्या पत्र लिवल्यान आसात, त्याचो लिवतो हात झडानदे, म्हाराजा..."

"होय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज शेवंतीचा होता. पण जानकीच्या कानात शिरला तो शेजारचा. अक्षयाने तिचा हात धरून, त्याच हाताच्या नाशाला होकार दिला होता. जानकीला देवाचं भय होतंच, कुणाला नसतं? पण त्या आवाजाने तिचं लपवण्याचं बळच गेलं. पुढच्या वाक्याला ही मुलगी पुन्हा होय म्हणणार, आणि मग नारळ खाली टेकणार, आणि मग उद्यापासून हिच्याच हातच्या गोळ्या आपण गिळणार. गुरव नारळ ठेवायला वाकला.

"नारळ ठेवू नकात," जानकी म्हणाली. "पत्र मी लिवलंय."

गुरव वाकलेला तसाच राहिला. शेवंती वळली आणि आपल्या बाईंकडे बघत राहिली. अक्षयाचा हात अजून जानकीच्या दंडावर होता. तिने तो हळूच काढून घेतला.

"लग्न करू नये," अक्षया म्हणाली. "मुलीला फिट येतात."

एवढंच म्हणाली. पाठ होतं तिला. निलेशला मोबाईल काढायची गरज उरली नव्हती. अक्षयाने चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून निघून गेली. जानकीला मग पायऱ्या कुणी उतरवल्या नाहीत, ती खांबाला आणि भिंतीला धरून एकटीच घरी आली.

दुपारभर ती पडवीत बसून होती. फाटकाकडे बघत. सुभद्रा येऊन शिव्या घालील, निलेश येईल, शेवंती येईल. यावं कुणीतरी, असंही तिला वाटत होतं. कुणी आलं नाही. गोळ्यांची डबी अक्षयाने सकाळीच भरायला म्हणून आपल्या घरी नेली होती, तेही तिला आठवलं. रविवार होता ना.

ऊन कलल्यावर फाटकाची कडी वाजली. ती उठून जाईपर्यंत तिथे माणूस नव्हतं. कडीला पिशवी अडकवलेली होती. पिशवीत डबी. सातही खण भरलेले, सकाळच्या पांढऱ्या, रात्रीच्या पिवळ्या, एकही चुकलेली नाही. डबीखाली वहीचं पान होतं घडी केलेलं. जानकीने ते उजेडात धरलं. डोळ्यांना दिसत नाही ही थापच होती, अक्षर न अक्षर स्पष्ट दिसलं.

"गोळ्या वेळेवर घ्या. मी येणार नाही."