दोन वाट्यांचा ळ

तुळशीदास वर्तकांचा हात थरथरायला लागलाय, हे आगाशीत घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. जन्मभर त्यांनी मुंबईच्या छापखान्यांसाठी अक्षरं रेखाटली होती. आता साठी उलटल्यावर कुठे एका कंपनीनं त्यांना अख्खी वर्णमाला नव्यानं काढायला सांगितली होती, शिशाच्या खिळ्यांऐवजी फोटोवर अक्षरजुळणी करणाऱ्या नव्या यंत्रासाठी. या अक्षरसंचाला, टाइपाला, नावही त्यांचंच द्यायचं ठरलं होतं. आणि नेमकं तेव्हाच पेन्सिल कागदाला टेकली की रेघ हेलकावे खायला लागली.

मुलगा विठ्ठल केळीच्या वाडीत रमलेला. कोयता सोडून त्याच्या हाताला दुसरं काही माहीत नव्हतं. राहिली सून.

द्वारका जवळच्याच वटार गावची. लग्न होऊन आली तेव्हापासून सासऱ्यांनी आखलेल्या अक्षरांत शाई भरायचं काम तिच्याकडे होतं, आणि तिची रेघ कधी बाहेर गेली नव्हती. वर्तकांनी एके सकाळी तिला अक्षरं काढायच्या पाटासमोर बसवलं, स्वतः मागे उभे राहिले, हातात पोलादी पट्टी.

"काना काढ."

तिनं काढला.

"हा काना? म्हाताऱ्याची काठी आहे ही. पुन्हा."

पट्टी बोटांच्या सांध्यांवर बसायची. वितीएवढं अक्षर, त्यात केसभर जाडी कमी-जास्त झाली की कागद टराटरा फाडून चुलीत. कधी ते काहीच बोलत नसत. नुसते मागे उभे राहत, आणि तिनं स्वतःच चूक शोधायची. सापडली नाही तर जेवायला उठायचं नाही. विठ्ठल ओट्यावर बसून सगळं ऐकायचा आणि केळीची सोपटं सोलत राहायचा.

कंपनीचा माणूस एडवर्ड मधूनमधून कागद न्यायला यायचा. तो वसईचाच, घरच्यासारखा. अक्षरं उजेडाकडे धरून म्हणायचा, "काका, या वयात काय हात आहे तुमचा!"

"हात तोच," वर्तक म्हणत. "सूनबाई, चहा आण."

आणि द्वारका शाईनं काळी झालेली बोटं पदराखाली लपवून चहा आणायची.

ब्याऐंशी सालच्या श्रावणात वटारहून काळूराम सायकल मारत आला. तो तिच्या माहेरचा शेजारी. दारातूनच म्हणाला, "द्वारकाताय, आयचा काय खरा नाय. तुला बोलावतेय."

ती उठली. वर्तक म्हणाले, "बस."

"मामंजी, आई..."

"एडवर्ड दुपारी येतोय. एकटा ळ राहिलाय. तेवढा काढ आणि जा. वटार काय विलायतेत आहे?"

खरंच, बसनं जेमतेम अर्धा तास. तिनं घाईघाईनं ळ काढला. वर्तकांनी तो पाहिला आणि फाडला. "डावी वाटी फुगलीय." तिनं दोन्ही वाट्या मोजून सारख्या केल्या. तोही फाडला. "मोजून सारख्या आहेत, दिसायला नाहीत. वाचणारा काय पट्टी घेऊन बसतो?" डोळ्यांतलं पाणी एका कागदावर पडलं, शाई पसरली. तो कागद तिचा तिनंच चुलीत घातला. विठ्ठलनं एकदा तोंड उघडलं, "बाबा, जाऊ दे तिला." वर्तकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो वाडीत निघून गेला.

एडवर्ड ळ घेऊन गेला, तेव्हा ती सुटली. वटारला पोचली तर आईला आंघोळ घालून अंगणात ठेवलं होतं. भाऊ शत्रुघ्न म्हणाला, "दाराकडेच बघत होती. वाट बघून बघून गेली."

दिवसपाणी उरकून ती आगाशीला परतली. फाडलेल्या ळचा एक तुकडा पाटाखाली राहिला होता. तिनं तो उचलून पाहिला. डावी वाटी खरोखर फुगलेली होती. म्हातारा खोटं बोलला नव्हता. या गोष्टीचा तिला जेवढा राग आला, तेवढा पट्टीच्या माराचाही कधी आला नव्हता.

पुढच्या वर्षी वर्तकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे तेवढे लख्ख राहिले. कंपनीला त्याच टाइपाचा ठळक संच हवा होता. एडवर्ड खाटेजवळ उभा राहून चुकचुकला, "आता कोण काढणार?"

"आजवर जी काढत होती ती," द्वारका म्हणाली.

एडवर्डनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले.

"पण नाव काकांचंच राहील हं, वहिनी. छापून झालंय."

"राहू दे."

तिनं पाट मुद्दाम त्यांच्या खोलीत मांडला. खाटेवरून तिची पाठ दिसेल, कागद दिसणार नाही, असा. ब्रश चालल्याचा आवाज आला की म्हातारा घशातून घरघरायचा, डावा हात पुढे करायचा, दाखव म्हणून. ती त्यांना वेळेवर भरवायची, पुसायची, कूस बदलायची. कागद मात्र पालथा घालून उठायची.

"दाखव ना एकदा," विठ्ठल काकुळतीला आला. "दुसरं काय उरलंय त्यांना?"

"झालं की दाखवीन."

"हे झालंय की."

ती खाटेकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाली, "नाही जमलं अजून, मामंजी. तुमच्या नजरेला घालण्यासारखं नाही."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं. तिनं ते पदरानं टिपलं आणि पुन्हा पाटाकडे तोंड केलं. थंडी सरेपर्यंत हे असंच चाललं. वर्तक गेले ते एकही अक्षर न पाहता.

संच पुरा झाला. एडवर्ड एकेक कागद बघत म्हणाला, "फर्स्ट क्लास, वहिनी."

"हा भ बघा. गाठ जड नाही वाटत?"

"छे! मस्त आहे."

"आणि हा ध?"

"तोही मस्त."

भ तिनं मागे ठेवून घेतला. भिंतीला टेकवून लांबून पाहिला, आडवा धरून पाहिला, आरशात पाहिला. गाठ जड होती की नव्हती, तिला ठरवता येईना. घरात सांगणारं कुणी नव्हतं. शेवटी तसाच पाठवून दिला.

पेपरात ठळक मथळा आला की विठ्ठल कौतुकानं म्हणतो, "बघ, तुझी अक्षरं." ती वाचायला घेते, आणि भ आला की तेवढा शब्द सोडून पुढे जाते.