पावणं नसलेलं गाव

आमच्या चौकडीकडे किस्से कसे साठतात ते विचारू नका. आम्ही चार निवृत्त मास्तर. कागल, मुरगूड, कबनूर अशा गावांतली, लग्न आणि जत्रा सोडून कुठेच न गेलेली पोरंपोरी गोळा करायची आणि वर्षातून एकदा मिनीबसमधून लेणी, देवळं, म्युझियम दाखवून आणायची, हा आमचा उद्योग. सहल तीन दिवसांची, पण चहाला बसलो की ती वर्षभर संपत नाही. एकाने सुरुवात केली की दुसऱ्याला तिसरंच आठवतं. माझी गाडी मात्र दरवेळी बदामीवर आणि सारिकावर येऊन थांबते.

*

आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे : 'यापूर्वी केलेला प्रवास'. पोरं तिथे वाट्टेल ते लिहितात. मुरगूडच्या धनाजीने लिहिलं होतं, 'म्हशीबरोबर, बाजारापर्यंत.'

कबनूरच्या सारिकाने तर रकाना भरून टाकला होता. बालोतरा, जेतपूर, पाली, अहमदाबाद! वीस वर्षांची पोरगी. वडील मागावर, ही शेजारी कांड्या भरते, म्हणजे मागाला लागणारं सूत मशीनवर गुंडाळून देते. मी म्हटलं, अगं, एवढी फिरलीस तर आमच्याबरोबर कशाला येतेस?

"मी न्हाई सर, कापड गेलंय," ती म्हणाली. "गठ्ठ्यावर पत्ता असतोय की. मी अजून कोल्हापूरचा रंकाळाबी बघितला न्हाई."

मी ड्रॉइंगचा मास्तर. कागद दिसला की लाल शेरा मारायची सवय. त्या फॉर्मवर काही मारवेना.

*

परवानगी मागायला कबनूरला गेलो. मागांच्या खडखडाटात सगळं ओरडूनच बोलावं लागतं. सारिकाचे वडील, आण्णा, माणूस भला. चहा पाजला, लेण्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, बदामीत आपलं पावणं कोण? मी म्हटलं, कुणी नाही. मग पोरं उतरणार कुणाकडं? लॉजवर, असं मी म्हणालो आणि तिथेच घोटाळा झाला.

"सर, पावणं नसलेल्या गावाला माणूस दोनच कामाला जातंय," आण्णा म्हणाले. "दवाखाना न्हाईतर कोर्ट."

आता आमच्याकडे कंडक्टरपासून पोलिसापर्यंत सगळा मुलूख एकमेकांना पावणं म्हणतो. पण आण्णांना खरे, नात्यातले हवे होते. त्या वर्षी सारिका राहिली.

*

बदामीच्या पहिल्याच लेण्याबाहेर अठरा हातांचा नटराज आहे. त्याच्यासमोर उभा राहून मी तोल, रेषा, मुद्रा असं रंगात येऊन सांगत होतो. धनाजी बोटांवर कसलं तरी गणित करत होता.

"अठरा हात," तो म्हणाला, "म्हंजे सर, नऊ म्हशींची धार एका दमात!"

माझं व्याख्यान तिथेच आटोपलं.

परत आल्यावर सारिकाला हे सांगितलं. ती पोट धरून हसली. फोटो तिने मोबाईलवर आधीच पाहिले होते. मग हळूच विचारलं, लेण्यापर्यंत पायऱ्या किती? फोटोत मोजता येत नाहीत म्हणे, मधे माणसं येतात. आम्ही बावीस जण चढून आलो होतो, एकानेही मोजल्या नव्हत्या. मला स्वतःची लाज वाटली.

*

पुढच्या वर्षी नवी पोरं, पुन्हा बदामी, आणि पुन्हा सारिका नाही. तिथल्या बनशंकरीच्या देवळाबाहेर बायका बुट्टीत भाकरी, चटणी, दही घेऊन बसतात. त्यांतल्या गंगव्वा नावाच्या म्हातारीशी माझं जमलं. माझं कानडी मोडकं, तिचं मराठी मोडकं. जेवता जेवता तिला मी सारिकाची सगळी रड सांगितली. दुसऱ्या दिवशी निघताना तिने माझ्या हातात एक नवा खण ठेवला.

"पोरीला द्या," म्हणाली. "सांगा, पावणं हाय."

आण्णांनी तो खण उजेडात धरला, बोटांनी वीण तपासली. खण आला म्हणजे नातं आलं, आणि आहेर परत केल्याशिवाय राहायचं कसं? पुढच्या सहलीला बदामीला जायला लागतंय, असं ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले. सारिका शेजारीच होती. तिच्या मशीनवरची कांडी भरून ओसंडायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

*

तिसऱ्या वर्षी निघायच्या दिवशी सकाळी मिनीबसपाशी आण्णा उभे! डोक्याला पटका, काखेत नवी साडी, हातात गुळाची ढेप. ते म्हणाले, पहिला आहेर घरातल्या कर्त्यानेच न्यायचा असतो, एवढंही मास्तरांना माहीत नाही? आणि दोघंही आले तर माग बंद, म्हणून सारिकाने मागे राहायचं. सारिका त्यांना सोडायला आली होती. रडली नाही. पायऱ्या मोजून या, एवढंच म्हणाली. बस हलली तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसलो.

गंगव्वाकडे आहेर झाला. दोघं तासभर बोलत बसले, कुठल्या भाषेत ते मला कळलं नाही.

मग लेणी. आण्णा एकेक पायरी पुटपुटत चढत होते. मदतीला आलेला धनाजी मधेच त्यांना नऊ म्हशींचं गणित सांगायला लागला आणि आकडा चुकला. आण्णा खाली उतरले आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा मोजायला लागले. वर पोचल्यावर मी म्हटलं, या, नटराज बघा. ते लेण्याकडे पाठ करून शेवटच्या पायरीवर बसले आणि खालच्या तळ्याकडे बघत राहिले. आम्ही सगळं बघून येईपर्यंत तसेच.

कबनूरला आलो तेव्हा सारिका दारातच होती. आण्णांनी पायऱ्यांचा आकडा सांगितला. तिने तो मनाशी दोनदा म्हटला. मग विचारलं, वर काय होतं?

"म्या न्हाई बघितलं," आण्णा म्हणाले. "तू बघून ये, मग सांग मला."